वाटीतली रेघ

'थोडं' हा शब्द बाईंच्या खोलीत चालत नसे. तशी पाटी लावलेली नव्हती. पण पाटीचे काम बाई स्वतःच करीत. "भात किती खाता?" या प्रश्नाला एखाद्या नव्या माणसाने "थोडा" असे उत्तर दिले, की त्या हातातले पेन खाली ठेवीत, चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहत आणि विचारीत, "थोडा म्हणजे किती?" माणूस गोंधळून ओंजळ करून दाखवी. बाई ती ओंजळ दोन्ही बाजूंनी निरखून पाहत आणि म्हणत, "ही ओंजळ तुम्ही माझ्यासमोर केलीत. घरी पातेल्यासमोर ती केवढी होते, हे मला कसं कळणार? उद्या घरची वाटी घेऊन या."

बाई आहारतज्ज्ञ होत्या. कोणत्या आजारात काय खावे, किती खावे, कशाबरोबर खावे आणि मुळात आजार येऊच नये म्हणून कोणत्या सवयी लावाव्यात, हे सांगणे हा त्यांचा व्यवसाय. दारावर तसे लिहिलेही होते. परंतु भिवंडीतल्या आमच्या गल्लीत तो शब्द कोणाच्या जिभेवर बसला नाही. सुरुवातीला लोक त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणत आणि त्या प्रत्येकाला थांबवून, "मी डॉक्टर नाही. गोळी डॉक्टरांची, घास माझा," असे समजावीत. शेवटी लोकांनीच सोपा मार्ग काढला. त्या 'वाटीवाल्या बाई' झाल्या.

बाईंची खोली होती त्याच इमारतीत मी वरच्या मजल्यावर राहतो आणि शाळेत गणित शिकवतो. बाईंशी माझी ओळख झाली ती त्यांना एक टोकदार वस्तू हवी होती म्हणून. एका सकाळी त्या जिना चढून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, स्टीलवर ओरखडा काढता येईल असं काही आहे का?" मी कंपासपेटीतले कर्कटक दिले. ते मला परत मिळाले नाही, परंतु त्याचा जेवढा सदुपयोग बाईंनी केला तेवढा माझ्या एकाही विद्यार्थ्याने केला नाही, हे मान्य करायला हवे.

त्यांची पद्धत अशी होती. रोग्याने आणलेली वाटी त्या तराजूवर ठेवीत. त्या रोग्याचे वय, काम, आजार आणि चालू असलेली औषधे यांचा विचार करून ठरवलेला भात त्या वाटीत घालीत, सपाट करीत, आणि तो जिथपर्यंत आला तिथे आतून कर्कटकाने बारीक रेघ ओढीत. "रोज तराजू कोण काढणार? रेघ बघा आणि जेवा." ही खटपट त्यांना का करावी लागे, ते खोलीत जमलेल्या वाट्या पाहिल्यावर समजे. आमच्याकडे वाटी हे माप नसून त्या त्या घराचा स्वभाव असतो. कोणाची वाटी देवापुढे साखर ठेवण्याएवढी, तर कोणाच्या वाटीत अख्खा नारळ आरामात बसावा. छापील कागदावर 'एक वाटी भात' असे लिहून दोघांना सारखेच औषध दिल्याचे समाधान मानणे, हे बाईंच्या मते वेगवेगळ्या इयत्तांना एकच प्रश्नपत्रिका देण्यासारखे होते. ही उपमा त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम शोधली असावी.

एकदा समोरच्या कारखान्यातला एक लूम चालवणारा कामगार वाटीऐवजी थाळीच घेऊन आला.

"बाईजी, कटोरी तो है ही नहीं. हम तो खानावल में खाते हैं."

"चावल कितना लेते हो?"

"जितना वो डाल दे."

"वो कौन?"

"महाराज. रसोईवाला."

"मग इलाज महाराजचा करायला हवा," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच खानावळीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या महाराजांना त्यांनी काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पण तेव्हापासून तिथे ताटात आधी कांदा-काकडी पडते, मग डाळ, आणि भात सर्वांत शेवटी. महाराज अजूनही गल्लीतून जाताना त्या खोलीकडे न पाहता जातात.

बाईंचा आवाज फार मोठा होता. त्याला कारण होते. समोर यंत्रमागांची रांग, आणि ती सुरू असली की शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. बाई देशावरून आलेल्या. त्यांना या आवाजाची सवय नव्हती. त्यांनी आपला आवाज मागांच्या वर नेऊन ठेवला आणि तो पुन्हा खाली आणण्याची तसदी घेतली नाही. याचा फटका मलाही बसला. माझा रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, म्हणून मी खाली गेलो. बाईंनी लोणचे विचारले, पापड विचारले, आणि मग पुढे वाकून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पोट साफ होतं का?"

नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. मी मात्र मागांच्या आवाजात ऐकू जावे म्हणून आधीच श्वास भरून घेतला होता. माझे सविस्तर उत्तर गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत गेले. त्या आठवड्यात शाळेत पालकसभा होती. एका पालकाने मुलाच्या गुणांविषयी चकार शब्द न काढता मला एक पिकलेली पपई दिली.

बाई कौतुक करीत नसत. कोणी वजन आटोक्यात आणले, कोणाचा रक्तदाब उतरला, तर त्या कागद पाहून एवढेच म्हणत, "चालेल." हे त्यांचे सर्वोच्च प्रशस्तिपत्र होते. 'हलकं', 'साधं', 'घरचं' अशा विशेषणांवर त्यांचा विश्वास नव्हता. "घरचं तूप आहे," असे कोणी अभिमानाने सांगितले, की त्या विचारीत, "तुमच्या काळजाला ते कसं कळणार?" एकाचा कागद दुसऱ्याने वापरला तर मात्र त्या खरोखर रागावत. शहाळ्याचे पाणी चांगले, असे कुठेतरी ऐकून मूत्रपिंडाचा आजार असलेल्या एका गृहस्थांनी ते रोज सुरू केले होते. त्यांच्या डॉक्टरांना बाईंनी तिथूनच फोन लावला आणि फोन ठेवून गृहस्थांना सांगितले, "शेजाऱ्याचा चष्मा घालून वाचता का? मग शेजाऱ्याचं पथ्य का करता?"

या बाईंची खरी परीक्षा पाहिली ती आमच्या घरमालकांनी. त्यांना सगळे शेठ म्हणतात. मूळचे खाडीकाठच्या गावातले शेतकरी. शेतांवर गोदामे उभी राहिली आणि शेतकऱ्याचे शेठ झाले. धिप्पाड देह, पांढरा सदरा, आणि बोलण्यात कसलाही आडपडदा नाही. त्यांना बरीच वर्षे मधुमेह होता आणि तो आपण जिंकला आहे अशी त्यांची समजूत होती.

"बाई, मी चाय बिनसाखरंची पितो. आनखी काय सोरू?"

"चहाबरोबर काय खाता?"

"काय नाय. बेकरीचे बटर."

"किती?"

"थोरे," शेठ म्हणाले, आणि त्यांनाही वाटी आणावी लागली.

शेठ बाईंकडे आले ते हौसेने नव्हे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. धाकट्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते, आणि तिच्या हळदीला तिचा चेहरा आपल्याला धुक्यातून नव्हे, धड दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले होते, की साखर इतकी चढलेली असताना ते शस्त्रक्रिया करणार नाहीत. आधी साखर खाली आणा. शेठांनी बाईंसमोर वाटी ठेवली आणि हात जोडले. "बाई, पोरीचं तोंड बघाचंय. तुमी सांगाल तसा करतो."

आणि त्यांनी तसे केले. हे मी साक्षीदार म्हणून सांगतो, कारण त्यांचे स्वयंपाकघर माझ्या खिडकीच्या थेट खाली आहे. काकी, म्हणजे शेठांच्या पत्नी, रोज वाटीतली रेघ बघून भात वाढीत. शेठांना ती दिसत नसे. तांदळाच्या भाकरीचा त्या चतकोर मोडून देत. वालाची उसळ, पालेभाजी, मासळीचा तुकडा, सगळे बाईंनी सांगितल्याप्रमाणे. गोळ्या वेळेवर. तरीही पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही. उलट थोडी चढलीच. (बाई मला क्षमा करोत, नेमका आकडा मला ठाऊक नाही.)

तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी होती. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. एका दिवसाच्या पाठांतराने जसा वर्षाचा निकाल बदलत नाही, तसेच. बाईंनी कागद खाली ठेवला. "शेठ, तुम्ही चोरून खाता."

शेठ दुखावले. "बाई, मी आरमुठा असंन, पन खोटा नाय. मास्तरला इचारा."

मी शेठांच्या बाजूने साक्ष दिली. गणितात सर्व पदे बरोबर असून उत्तर चुकले, तर एखादे पद लिहायचे राहिलेले असते, असेही मी सुचवले. बाईंना ते पटले असावे, कारण त्या मला "गप्प बसा" म्हणाल्या नाहीत.

राहिलेले पद तिथेच, त्याच सकाळी, चालत आत आले. शेठांच्या नात्यातला एक माणूस हळदीचे आमंत्रण द्यायला त्यांना शोधत खोलीच्या दारात उभा राहिला. शेठ उत्साहाने म्हणाले, "येनार रं. काल अंजूरला व्हतो, परवा अंबाडीला हाय, मंग तुझ्याकरं." माणूस गेला. बाईंनी पेन उचलले.

"काल अंजूरला काय खाल्लंत?"

"काय नाय. हलद व्हती."

"म्हणजे उपाशी आलात?"

"उपाशी कसा येईन? पानावर बसलो."

"पानावर काय होतं?"

शेठांनी प्रामाणिकपणे आठवून सांगितले. मटण होते, वडे होते, भात होता. यजमान स्वतः आग्रहाला आले म्हणून पुन्हा भात झाला. व्याह्यांनी घास भरवला. निघताना बुंदी होती.

"आणि हे तुम्ही मला इतके दिवस सांगितलं नाहीत?"

"तुमी इचारलाव, काय जेवता. ते जेवन थोरीच हाय? ती हजेरी हाय," शेठ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. लग्नसराई चालू होती आणि ते एक दिवसाआड कुठेतरी हजेरी लावीत होते. घरी येऊन पुन्हा वाटीतल्या रेघेप्रमाणे जेवत होते, कारण पथ्य मोडायचे नव्हते.

बाईंनी तिथल्या तिथे हळदी बंद केल्या. तेव्हा शेठ प्रथमच हळू आवाजात बोलले. "बाई, मी कोनाच्या पानावर नाय बसलो, त माझ्या पोरीच्या हलदीला कोन येल? गेलो त डोला नाय. नाय गेलो त मांडव रिकामा. डोला भेटून तरी काय बघू, खुर्च्या?"

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी पेन खाली ठेवले. मग त्या म्हणाल्या, "मला एका हळदीला घेऊन चला."

अंबाडीच्या हळदीला आम्ही तिघे गेलो. बाईंनी आपली स्वतःची, रेघ ओढलेली वाटी पर्समध्ये घेतली होती. पंगतीत बसल्यावर त्यांनी ती ताटात ठेवली आणि वाढायला आलेल्या मुलीला गंभीरपणे सांगितले, "या रेघेपर्यंत." मुलगी रेघ पाहायला वाकली, तेवढ्यात डाव्या बाजूने एका मावशींनी ताटात वडे ठेवले. बाई त्यांच्याकडे वळल्या, तेव्हा उजव्या बाजूने दुसऱ्या मावशींनी वाटीवर भाताचा डोंगर केला. "अवो बाई, लाजू नका. काडीसारख्या झाल्याव. शेठ, तुमी आनलेल्या पाव्हनीला काय खाया देत नाय का?"

"मला थो..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून निम्माच बाहेर आला होता. पण मी ऐकला.

परतताना रिक्षात बाई रुमालाने आपली वाटी पुसत होत्या. इमारतीच्या दाराशी त्या एकदम म्हणाल्या, "मास्तर, तिथे आग्रह कोणाला झाला नाही, ते पाहिलंत?"

मी पाहिले नव्हते.

"वाढणाऱ्याला. हातात बादली असलेल्याला कोणी 'बसा' म्हणत नाही."

विचार केला तर ही गोष्ट सरळ होती. पंगतीत बसणे हा मान असेल, तर यजमानाच्या घरी स्वतः वाढायला उभे राहणे हा त्याहून मोठा जिव्हाळा. हजेरी लागते, सर्वांना दिसते, पायांना चाल पडते आणि पोटात काही जात नाही. शेठांना ही कल्पना इतकी आवडली, की पुढच्याच हळदीत त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावून भाताची बादली ताब्यात घेतली.

फक्त एक अडचण होती. त्यांना दिसत नव्हते. भात ताटात पडे किंवा ताटाशेजारी पडे. ते नशिबावर होते. एका खुर्चीवर कोणीतरी शाल टाकून हात धुवायला गेले होते. शेठ त्या शालीसमोर थांबले. "घ्या मामा. लाजू नका. तुमच्या घरची हलद समजा." मामा बोलेनात, तेव्हा शेठांनी त्यांच्या नम्रतेचे कौतुक करून आणखी एक डाव वाढला. पुष्कळांनी ते पाहिले. हसले थोडेच, कारण एवढा मोठा माणूस आपल्या दारात बादली घेऊन वाकतो, याचेच सर्वांना अप्रूप होते. शेठांचा मान इतका वाढला, की पाहता पाहता आसपासच्या गावांतले इतर शेठही बादल्या मागू लागले. एका हळदीला वाढणारे एवढे झाले, की पंगतीत बसायला माणसे गोळा करावी लागली.

सगळ्यांचे झाल्यावर शेठ आपली वाटी घेऊन बसत. काकी बायकांत असत आणि मला शेठ बरोबर नेत, म्हणून रेघ वाचायचे काम बहुधा माझ्याकडे येई. "मास्तर, रेघ आली का?" ते विचारीत. "आली, शेठ," मी सांगे. लगेच त्यांचा हात थांबे. कधी मी एखादा घास उशिरा सांगितला असता, तर त्यांना कळलेही नसते. पण बाई मला दुसऱ्या दिवशी विचारीत, आणि मला खोटे बोलता येत नाही.

पुढच्या तपासणीत साखर उतरली. डॉक्टरांनी मधल्या काळात गोळ्याही बदलल्या होत्या, आणि श्रेय गोळीचे की बादलीचे असा वाद शेठ घालू लागले, तेव्हा बाईंनी तो थांबवला. "दोन्हीचं. एकाच्या जिवावर दुसरं सोडलंत तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका." मग कागद पुन्हा एकदा पाहून त्या म्हणाल्या, "चालेल."

आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर शेठ घरी आले, आणि जिन्यात मी दिसताच थबकले. "मास्तर, तुमी कवा म्हातारे झालाव?" मग भिंतीकडे पाहून त्यांनी इमारतीला रंग काढायचे ठरवले. इमारतीची ही दशा त्यांना इतकी वर्षे धुक्यात सुंदरच दिसत होती.

बाई आता इथे नाहीत. गुडघे साथ देईनात आणि मागांचा आवाज सोसवेना, तेव्हा त्या देशावर बहिणीकडे राहायला गेल्या. त्यांच्या खोलीत आता कुरिअरचे कार्यालय आहे. पण शेठांच्या मुलीच्या हळदीला त्या होत्या, आणि माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

मांडवात एक खुर्ची रिकामी नव्हती. ज्यांच्या ज्यांच्या दारात शेठांनी बादली धरली होती, ती सगळी माणसे आली होती. दिवे लागले होते. हळदीने पिवळी झालेली मुलगी चौरंगावर बसली होती आणि शेठ बादली हातात घेऊनच मधूनमधून तिच्याकडे पाहत होते. बराच वेळ पाहत. मग एकदम काम आठवल्यासारखे पुढच्या पानाकडे वळत.

आमच्या पंगतीला ते भात घेऊन आले. बाई दिवसभर काकींच्या मदतीला उभ्या राहून थकल्या होत्या. त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि सहज म्हणून गेल्या, "शेठ, थोडाच वाढा."

शेठ थांबले. त्यांनी बादली खाली ठेवली.

"थोरा म्हनजे किती, बाई?"

शेजारची माणसे जेवायची थांबून पाहू लागली. बाईंनी शेठांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पर्स उघडून वाटी काढून ताटात ठेवली. मी सवयीने रेघ वाचायला पुढे वाकलो. शेठांनी मला हाताने मागे सारले.

ते स्वतः वाकले. त्यांनी एक डाव भात घातला, मग डावाच्या टोकाने आणखी जरासा. डाव उलटा करून भात सपाट केला. मान तिरकी करून वाटीच्या आत पाहिले, आणि रेघेच्या वर चुकून राहिलेली दोन-चार शिते डावाच्या कडेने अलगद उचलून पुन्हा बादलीत टाकली.

बाईंनी वाटी दिव्याकडे धरली आणि फिरवून सगळीकडून पाहिली.

"चालेल," त्या म्हणाल्या.

शेठांनी बादली उचलली आणि ते पुढच्या पानाकडे गेले.